विमानात बसण्यापूर्वीचे सहा महिने

माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



परदेशी जाणाऱ्या युवक शिष्टमंडळांविषयी आपल्याकडे दोनच वेळा बोलले जाते. एकदा विमानतळावर फोटो निघतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा परत आल्यावर शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो तेव्हा. या पत्राचा विषय त्याआधीचा काळ आहे. आपले नाव यादीत आल्याचे एखाद्या मुलाला किंवा मुलीला कळते तिथपासून विमान सुटेपर्यंतचा. असे तरुण महाराष्ट्रातून दरवर्षी निघतात. एनसीसीच्या युवक देवाणघेवाण कार्यक्रमातून प्रजासत्ताक दिन शिबिरातले निवडक छात्र जातात. केंद्रीय युवक मंत्रालय इतर देशांशी शिष्टमंडळांची अदलाबदल करते. जपान सरकारच्या ‘शिप फॉर वर्ल्ड यूथ’ या १९८८ मध्ये सुरू झालेल्या जहाजप्रवासात भारतीय तरुण सहभागी झाले आहेत, आणि अमेरिकेच्या ‘केनेडी-लुगार’ योजनेतून पंधरा ते सतरा वर्षांची भारतीय मुले एक शैक्षणिक वर्ष तिकडच्या घरात राहून तिकडच्या शाळेत शिकतात. यांच्या निवडीविषयी नियम आहेत, प्रवासाविषयी नियम आहेत. मधल्या काळाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. हा काळ कार्यक्रमाचाच पहिला भाग मानावा, तो किमान सहा महिन्यांचा असावा, आणि तो कसा जावा याची जबाबदारी राज्याने उचलावी, एवढे एकच मागणे घेऊन हे पत्र लिहीत आहे.

वाट पाहण्यात माणूस काय कमावतो, याचा अभ्यास झालेला आहे. नेदरलँड्समधल्या १५३० प्रौढांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ९७४ जण त्या काळात सुट्टीसाठी प्रवासाला जाऊन आले होते. घरी राहिलेल्यांपेक्षा ते अधिक आनंदी आढळले खरे, पण प्रवासाच्या आधी. परतल्यानंतर, फार निवांत सुट्टी लाभलेल्या थोड्यांचा अपवाद सोडला, तर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. सुट्टीचा प्रवास आणि सांस्कृतिक देवाणघेवाण या वेगळ्या गोष्टी आहेत, हे उघड आहे. तरी या पाहणीतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: निघण्याआधीच्या दिवसांत मन जितके जागे असते तितके ते एरवी क्वचित असते. ज्या देशाचे नाव काल भूगोलाच्या पुस्तकात होते, त्या देशाची बातमी आज कानावर पडली की तरुण थबकतो. तिथे पाऊस कधी पडतो, तिथली माणसे रात्री किती वाजता जेवतात, आपण मांसाहार करत नाही हे त्यांना कसे सांगायचे, असे प्रश्न त्याला कोणी न सांगता पडू लागतात. शिक्षकाला एरवी जी उत्सुकता महत्प्रयासाने निर्माण करावी लागते ती इथे आयती मिळते. असे असूनही आपण ती पासपोर्टच्या रांगेत, ब्लेझरच्या मापात आणि समूहनृत्याच्या तालमीत संपवून टाकतो.

हा काळ नीट वापरला तर काय घडते, याचा महाराष्ट्रापाशी असलेला सर्वांत मोठा दाखला आनंदीबाई जोशी यांचा आहे. त्या अमेरिकेला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या होत्या, युवक शिष्टमंडळातून नव्हे. पण त्यांच्या प्रयाणापूर्वीच्या तीन वर्षांकडे कोणत्याही देवाणघेवाण कार्यक्रमाने लक्षपूर्वक पाहावे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांचा पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात वाचला आणि १८८० मध्ये आनंदीबाईंना पत्र लिहिले. तिथून दोघींची पत्रे सुरू झाली. दोन्ही देशांतले रीतिरिवाज, स्त्रियांची स्थिती, बालविवाह, प्रकृतीच्या तक्रारी असे पुष्कळ काही त्यांतून गेले-आले. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या, आणि हे नाते प्रत्यक्ष भेट होण्याआधीच जुळले होते. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, पण ज्या घरात त्या गेल्या ते घर त्यांना पत्रांतून ठाऊक होते आणि त्या घरालाही त्या ठाऊक होत्या. पोशाख, आहार आणि धर्म यांविषयीचे त्यांचे निर्णय त्यांनी मायदेशी असतानाच, विचार करून घेतले होते. तिथे गेल्यावर गडबडून ते घेण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

याच तयारीतला एक प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण केले. लोक त्यांना जे प्रश्न विचारत होते त्यांतले सहा त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का जाता, इथे शिक्षणाची सोय नाही का, एकट्या का जाता, परतल्यावर जात वाळीत टाकणार नाही का, काही संकट ओढवले तर काय कराल, आणि आजवर कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तुम्ही का करता? समुद्र ओलांडणे हेच पाप मानणाऱ्या समाजापुढे अठरावे वर्ष पुरे व्हायच्या आत एक मुलगी उभी राहते आणि आपण का जात आहोत हे सभेत सांगते! मंत्रिमहोदय, आजच्या आपल्या किती प्रतिनिधींना निघण्याआधी कोणी हे विचारते? जातीचा बहिष्कार गेला, समुद्रबंदी गेली, पण ‘तू का जातो आहेस’ हा प्रश्न तसाच आहे. तो न विचारता ज्याला पाठवले जाते, त्याने परत येऊन काय सांगावे अशी आपली अपेक्षा असते?

सांस्कृतिक देवाणघेवाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंगमंच येतो. लेझीम, कोळीनृत्य, लावणी, नऊवारी, फेटे. या कलांविषयी मला मनापासून आदर आहे आणि त्या परदेशी पोचाव्यात असेच वाटते. परंतु नृत्य पाहणारा टाळ्या वाजवतो आणि निघून जातो; करणारा आणि पाहणारा यांच्यात बोलणे होत नाही. समाजमानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले की दोन समूहांतले गैरसमज भेटीने कमी होतात ते काही अटी पाळल्या गेल्या तर: दोघांचे स्थान बरोबरीचे हवे, ध्येय सामाईक हवे, काम एकमेकांच्या साहाय्याने व्हायला हवे आणि संस्थांचा त्याला पाठिंबा हवा. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. भेटीमुळे पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात आणि या अटी पाळल्या गेल्या तर अधिक कमी होतात, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आता आपला तरुण पाहा. यजमान देशाच्या इतिहासातली चार वर्षे त्याला माहीत नाहीत, त्यांच्या भाषेत आभार मानता येत नाहीत, आणि आपल्या जिल्ह्यातल्या शेतीविषयी, जातिव्यवस्थेविषयी किंवा पाण्याविषयी कोणी विचारले तर सलग बोलण्याचा सराव नाही. मग बरोबरीच्या स्थानाची अट तो कशी पाळणार? त्याची बुद्धी यजमान तरुणाइतकीच तल्लख आहे; उणीव तयारीची आहे, आणि ती भरून काढणे आपल्या हातात आहे.

फ्रान्स आणि जर्मनी यांनी हे ओळखले होते. महायुद्ध संपून अठरा वर्षे झाली असताना, २२ जानेवारी १९६३ रोजी दोघांनी मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी ५ जुलैला युवकांच्या देवाणघेवाणीसाठी एक सामाईक संस्था काढली. तेव्हापासून नव्वद लाखांहून अधिक तरुण तिच्या कार्यक्रमांतून गेले आहेत. भाषा न येणाऱ्यांना खेळाखेळातून एकमेकांची भाषा उघडून देण्याची पद्धत तिथे रुजली, आणि दोन्ही बाजूंच्या आयोजकांनी आधी भेटून आखणी करणे हाही कामाचाच भाग धरला गेला. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या, त्यांची नातवंडे नुसती बसमध्ये बसवून एकत्र आणली तर मैत्री होईल, असे त्या दोन सरकारांनी गृहीत धरले नाही.

आपले बहुतेक दौरे आठवड्या-दोन आठवड्यांचे असतात, आणि म्हणूनच तयारीची गरज अधिक आहे. नॉर्वेचे अभ्यासक लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशे नॉर्वेजियनांशी बोलून १९५५ मध्ये असे मांडले की परक्या देशात सुरुवातीला माणूस उत्साहात असतो, काही महिन्यांनी तो खचतो, आणि मग हळूहळू तिथे रुळतो. ही चढउताराची रेषा सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, अशी टीका नंतरच्या संशोधकांनी केली आहे, आणि ती रास्त आहे. पण पहिल्या दिवसांतल्या उत्साहाविषयी फारसे दुमत नसावे. दोन आठवड्यांत परतणारा तरुण त्या उत्साहातच परततो. रुसवा, एकटेपणा, ‘ही माणसे अशी का वागतात’ हा त्रागा आणि त्यातून येणारी समज, यांतले काही त्याच्या वाट्याला येत नाही. जे वर्षभर राहणाऱ्याला तिथे राहूनच कळते, त्यातले काही तरी आठवडाभर जाणाऱ्याला निघण्याआधी कळलेले असायला हवे. परदेशी शिकायला गेलेल्या हजाराहून अधिक अमेरिकी विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते परदेशी नेऊन सोडले तर दुसऱ्या संस्कृतीची समज फारशी वाढत नाही. कोणी जाणता माणूस सोबत राहून अनुभवाचा अर्थ लावायला मदत करत असेल तर ती वाढते, असे त्यात दिसले. प्रवास आपोआप शिकवतो ही समजूत आपण सोडून द्यायला हवी.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र मुख्यतः आपल्याला लिहावेसे वाटले, त्याकडे येतो. निवड आणि प्रयाण यांत अंतर कमी असले की त्याचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. घाईची निवड ही कागदावर न लिहिलेली पात्रतेची अट ठरते. ज्याच्या कपाटात पासपोर्ट तयार आहे, ज्याच्या घरात कोणी तरी आधी परदेशी जाऊन आले आहे, तो पंधरा दिवसांत निघू शकतो. असे घर मुंबई-पुण्यात सहज सापडते. गडचिरोली, नंदुरबार किंवा बीडमधल्या मुलीचे पाहा. आधार कार्डावरचे नाव आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असतो. तो दुरुस्त व्हायचा, मग अर्ज, मग पोलीस पडताळणी. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे निघाली, त्यामुळे अंतर कमी झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कागद जुळवण्याचा वेळ त्याने वाचत नाही. ती अठरा वर्षांच्या आतली असेल तर आई-वडील दोघांची संमती लागते, आणि ऊसतोडीला गेलेले आई-वडील दिवाळीनंतर कितीतरी महिने फडावर असतात. त्यानंतर व्हिसा. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो; म्हणजे त्या देशांनीही सहा महिन्यांची मुभा ठेवलेली आहे, ती वापरायची की नाही हे आपल्या हातात आहे. अमेरिकेच्या देवाणघेवाण व्हिसासाठी यजमान योजनेकडून आधी कागद यावा लागतो आणि मगच मुलाखत होते. या प्रत्येक पायरीवर वेळ असेल तर ती मुलगी पुढे सरकते, नसेल तर तिच्या जागी दुसरे नाव येते. तिला कोणी नाकारलेले नसते, पण ती जाऊही शकत नाही. आणि मग महाराष्ट्राचे प्रतिनिधी म्हणून जे परदेशी उभे राहतात, त्यांच्यात महाराष्ट्र फार थोडा असतो.

यावर पहिली हरकत अशी येईल की परराष्ट्र, पासपोर्ट, व्हिसा हे सारे केंद्राचे विषय आहेत, राज्य काय करणार? निवडीचा अंतिम शब्द पुष्कळदा केंद्राचा किंवा यजमान देशाचा असतो, हे खरे आहे. परंतु तयारी कोणाच्याच अखत्यारीत नाही, आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा राज्यापाशी आहे. छत्तीसही जिल्ह्यांत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांची कार्यालये आहेत, महाविद्यालयांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत, विद्यापीठांत परकीय भाषांचे विभाग आहेत. शिवाय राज्य सरकारने तयारीचे तत्त्व दुसरीकडे मान्य केलेलेच आहे. २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला, तेव्हा इथल्या तरुणांना जर्मन शिकवावे लागेल हे सरकारने गृहीत धरले. नोकरीसाठी पाठवायचे तर भाषा आणि प्रशिक्षण हवे, आणि महाराष्ट्राचे म्हणून पाठवायचे तर ब्लेझर पुरे, असा भेद कशाच्या आधारावर करायचा? त्याच बाडेन-व्युर्टेंबर्गच्या राजधानीशी, श्टुटगार्टशी, मुंबईचे भगिनी-शहराचे नाते १९६८ पासून आहे, योकोहामाशी त्याच्याही आधीपासून आहे, आणि पुण्यातले पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभे आहे. पत्रमैत्रीसाठी समोरचे शहर शोधायला आपल्याला लांब जावे लागणार नाही.

खर्चाची हरकत त्याहून दुबळी आहे. प्रौढांसाठीच्या छत्तीस पानी पासपोर्टचे सर्वसाधारण शुल्क १५०० रुपये आहे. प्रत्येक जिल्ह्यातून दहा संभाव्य उमेदवार निवडून त्यांचे शुल्क राज्याने भरले, तर छत्तीस जिल्ह्यांचे पाच लाख चाळीस हजार रुपये होतात. एका विभागीय युवा महोत्सवाच्या मंडपापुढे ही रक्कम मोठी वाटू नये. ‘पण जाणार त्यांतले थोडेच, मग बाकीच्यांवर खर्च का?’ असे विचारले जाईल. त्याचे उत्तर असे की तयारी ही न जाणाऱ्यालाही लाभते. ज्याने सहा महिने एका परक्या देशाचा अभ्यास केला, तिथल्या समवयस्काशी बोलला, स्वतःच्या तालुक्याविषयी नीट सांगायला शिकला, त्याची निवड पुढे रद्द झाली तरी हे त्याच्यापाशी राहते. उलट ऐन वेळी कोणी गळाले तर त्याच्या जागी तयार माणूस असतो.

अधिक गंभीर हरकत वेगळी आहे: इतके महिने मनात चित्र रंगवले की प्रत्यक्षात निराशा होणार, आणि आधीच सगळे समजले तर नवलाई उरणार नाही. यात तथ्य आहे असे मला वाटते, म्हणून ती झटकून टाकत नाही. नुसत्या कल्पनेवर मी भिस्त ठेवत नाही, आणि त्याला कारणही आहे. परक्या समूहातल्या माणसाशी चांगली भेट होत असल्याची कल्पना केली तरी पूर्वग्रह कमी होतो, असे क्रिस्प आणि टर्नर यांनी २००९ मध्ये मांडले होते. त्याच दिशेचा एक प्रयोग २०१४ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला, तेव्हा परिणाम फारच क्षीण निघाला. म्हणजे डोळे मिटून रंगवलेल्या चित्रावर फार विसंबता येत नाही. आज मोबाइलवर पॅरिसचे रस्ते आणि तोक्योचे पदपथ हवे तितके दिसतात, आणि त्यामुळे तयारी आपोआप होते असा समज पसरला आहे. तो याच कारणाने चुकीचा आहे. चित्रफीत पाहणाऱ्याला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. यजमान घरातली मुलगी पत्रात किंवा व्हिडिओ कॉलवर विचारते, ‘तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतो?’ आणि उत्तर देताना आपल्या मुलाला आपलेच घर नव्याने पाहावे लागते. अशा ओळखीने अपेक्षा फुगत नाही, तिला माणसाचा चेहरा मिळतो. नवलाई संपेल ही भीतीही अनाठायी आहे. ज्याला थोडे माहीत आहे त्यालाच काय नवे आहे ते दिसते. काहीच माहीत नसणाऱ्याला सगळे सारखेच अद्भुत वाटते आणि सगळे सारखेच विसरले जाते.

म्हणून या सहा महिन्यांत काय व्हावे हे सांगतो. निवड होताच प्रत्येकाला यजमान देशातला एक समवयस्क जोडून द्यावा आणि दोघांनी दर पंधरवड्याला एकमेकांना लिहावे. विषय ठरवून देऊ नयेत. भाषेचे रोज थोडे शिक्षण असावे, आणि परीक्षा नसावी. प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या गोष्टीचा, पैठणी विणणारा माग असो, वारली चित्रे असोत किंवा दुष्काळी गावातले पाण्याचे टँकर असोत, स्वतः जाऊन अभ्यास करावा, म्हणजे परदेशी बोलताना त्याला पाठ केलेल्या वाक्यांचा आधार घ्यावा लागणार नाही. यातही साने गुरुजींच्या आंतरभारतीची आठवण ठेवावी: परदेशी जाण्याआधी आठवडाभर दुसऱ्या भाषेच्या भारतीय घरात राहून यावे. ज्याने बंगाली किंवा तमिळ घरात जेवणाच्या पाटावर अडखळून पाहिले आहे, तो जपानी घरात कमी बावरेल. आणि निघण्याच्या महिनाभर आधी त्याने आपल्या गावात, शाळेत किंवा ग्रामसभेत लोकांसमोर उभे राहावे आणि लोकांनी त्याला प्रश्न विचारावेत. तू का जातोस, आमच्याविषयी तिथे काय सांगशील, एवढा पैसा शाळेच्या छपरावर का खर्च करू नये? शेवटचा प्रश्न बोचरा आहे, पण तो गावाच्या मनात असतोच. समोर येऊन विचारला गेला तर तरुणाला त्याचे उत्तर शोधत प्रवास करावा लागेल.

या सगळ्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे महामंडळ लागत नाही. आपल्या विभागाच्या एका शासन निर्णयाने सुरुवात होऊ शकते. राज्य ज्या कार्यक्रमांसाठी नावे सुचवते किंवा स्वतः शिष्टमंडळ पाठवते, त्यांच्या जाहिरातीत अर्जाच्या अंतिम तारखेबरोबर निवडीची आणि प्रयाणाची तारीखही छापावी आणि या दोन तारखांत किमान सहा महिन्यांचे अंतर असावे. जिल्हास्तरावर निवडलेल्या उमेदवारांचे पासपोर्ट शुल्क राज्याने भरावे, आणि नावातल्या तफावती दुरुस्त करून देण्यासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याने तहसील कार्यालयाशी स्वतः पाठपुरावा करावा. केंद्राच्या कार्यक्रमांसाठी हेच वेळापत्रक मागणारे पत्र राज्याने दिल्लीला पाठवावे. पुढच्या वर्षीच्या निवडींची तयारी सुरू होण्याआधी हा निर्णय झाला, तर ऊसतोडीला निघण्यापूर्वीच बीडमधले एखादे आई-वडील आपल्या मुलीच्या अर्जावर सही करू शकतील.

कळावे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
महाराष्ट्रातील एक नागरिक